बैलाच्या गोळीचं नवं वेष्टन : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर 2025

कोल्हापुरातल्या एका घरगुती गोळ्या-चिक्कीच्या कारखान्याचं ब्रँडिंग आणि पॅकिंग नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं. गुळाची गोळी, शेंगदाणा चिक्की आणि आलेपाक असे तीन माल. मालकांच्या विनंतीवरून कंपनीचं नाव लिहीत नाही, पण आकडे आणि चुका जशा झाल्या तशा ठेवल्या आहेत. छोट्या कारखान्याचं असं काम अंगावर घेणाऱ्याला यातून चार पैसे वाचवता आले तर बरं.

16 जून, सोमवार

कारखाना बघितला. पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, गोळीच्या कागदाला पीळ मारायचं एक जुनं मशीन, पॅकिंगला चार मावशी. मालकांना सगळे आण्णा म्हणतात. हिशोब आणि ऑर्डरी त्यांच्या सूनबाई बघतात, त्या माझ्यासाठी वहिनी.

सध्याचं वेष्टन म्हणजे पिवळा मेणकागद. त्यावर कुंकवासारख्या लाल रंगात उसाचा चरक आणि तो ओढणारी बैलजोडी. आण्णांच्या वडिलांनी एका पेंटरकडून ते चित्र काढून घेतलं होतं आणि त्याचा झिंकचा ब्लॉक केला होता. तो ब्लॉक अजून कपाटात आहे. हातात घेतला तर बैलांच्या शिंगांच्या कडा झिजलेल्या, एका बैलाचा पुढचा पाय जवळजवळ गेलेला. ते चित्र बघून मी पाच मिनिटं काही बोलले नाही. एका रंगात, दोन इंच जागेत, त्या पेंटरनं बैलांच्या मानेवरचा ताण दाखवलाय.

आण्णांची मागणी : माल मॉलमध्ये ठेवण्यासारखा दिसला पाहिजे आणि पावसाळ्यात परत यायला नको. दुसरा मुद्दा त्यांनी जरा हळू आवाजात सांगितला. मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सुटलेल्या गोळ्यांचे डबे परत आले होते.

24 जून, मंगळवार

लक्ष्मीपुरीत सकाळी दोन तास, दुपारी महाद्वार रोड आणि कपिलतीर्थ मार्केटच्या बाजूची दुकानं. एकूण अकरा दुकानं. गिऱ्हाईक गोळी कोणत्या नावानं मागतं, एवढंच ऐकायला उभी राहिले.

कंपनीचं नाव एकानंही घेतलं नाही. "बैलाची गोळी द्या." एक आजी म्हणाली, "ती पिवळ्या कागदातली, बैलाची." दुकानदारही घाऊक बिलात तेच लिहितात. पन्नास वर्षं पाकिटावर छापलेलं नाव लोकांच्या तोंडात नाही आणि कुठंच न छापलेलं नाव सगळ्यांच्या तोंडात आहे. हे मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आणि तरीही पुढचे नऊ दिवस त्याच्या उलट काम केलं.

3 जुलै, गुरुवार

पहिले तीन पर्याय आण्णांना दाखवले. साय रंगाचं मॅट पाकीट, बारीक इंग्रजी अक्षरं, उसाच्या पेराचं साधं रेषाचित्र. स्क्रीनवर सुंदर दिसत होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं.

आण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, चांगलं हाय. पर ह्ये आपलं न्हवं." त्याआधी वहिनींनी छापील नमुना लक्ष्मीपुरीतल्या एका ओळखीच्या दुकानात इतर मालाबरोबर टांगला होता. दोन दिवसांत कुणी त्याच्याकडे हात नेला नाही, दुकानदारानं त्याला साबण समजून बाजूला सारला.

नऊ दिवस गेले. परत पिवळा, परत कुंकू, परत बैल. पण जुनं जसंच्या तसं घ्यायचं नाही, कारण तो ब्लॉक आता मोठा करून छापला की कडा फुटतात. शाईचा जुना ठसा चांगल्या कागदावर उमटवून, त्यावरून बैल हातानं पुन्हा काढायचे ठरवलं. पुढच्या पायासाठी आण्णांकडचं 1980च्या आसपासचं एक जुनं वेष्टन सापडलं, त्यात तो पाय शाबूत आहे.

14 जुलै, सोमवार

चित्र तयार. सोळा वेळा काढलं. नाव आता 'बैलाची गोळी' असंच ठेवायचं, ते कंपनीच्या नावाच्या वर आणि मोठं. अक्षरं हातानं केली. 'ल'चं वळण मराठी ठेवलंय, हिंदी फॉन्टातला ल इथल्या माणसाच्या डोळ्याला परका वाटतो. 'ळी'ची वेलांटी चरकाच्या आडव्या दांड्याला जोडून घेतली.

ट्रेडमार्कचा अर्ज चित्रासकट वर्ग 30 मध्ये केला. मिठाई, गोळ्या त्याच वर्गात येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असल्यामुळे ऑनलाइन फी 4,500 रुपये, नाहीतर 9,000 लागले असते. नोंदणी होईपर्यंत पाकिटावर 'टीएम' छापता येतं, गोलातला 'आर' नाही. आण्णांना 'आर' हवा होता, नाही म्हणून सांगितलं.

22 जुलै, मंगळवार

पाऊस थांबायचं नाव नाही. चाचणीला याहून चांगला महिना मिळाला नसता.

मला क्राफ्ट कागदाचं पाकीट हवं होतं, आत पातळ पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकचा, थर. गुळाला मातकट कागद शोभतो, हा माझा हट्ट. नमुन्याचे 3,200 रुपये गेले. दहा-दहा गोळ्या तीन प्रकारच्या पाकिटांत सील करून कारखान्यातच फळीवर ठेवल्या. गोळ्यांना किती पाणी चढतं ते मोजायला बारीक काटा नव्हता, म्हणून गुजरीत एका ओळखीच्या सोनाराकडे रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या काट्यावर तोलल्या. सुरुवातीला प्रत्येकी 50.00 ग्रॅम. सात दिवसांनी :

क्राफ्ट कागद आणि पातळ पॉली : 50.85 ग्रॅम. गोळ्या एकमेकींना चिकटल्या, कागदावर डाग.
साधी पारदर्शक पॉलीची पिशवी : 50.40 ग्रॅम. वरून ओलसर.
12 मायक्रॉन पीईटी (पॉलिएस्टर), 12 मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा मुलामा दिलेलं, पीईटी आणि 50 मायक्रॉन पॉली असे थर एकमेकांना चिकटवलेलं लॅमिनेट : 50.02 ग्रॅम. गोळी वाजते.

साखरेच्या गोळीपेक्षा गुळाची गोळी हवेतलं पाणी जास्त ओढते, कारण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटं असतं. म्हणजे साखरेच्या गोळीला चालणारं पॅकिंग इथं चालेलच असं नाही. क्राफ्टचा हट्ट सोडला.

30 जुलै, बुधवार

आज आतल्या, सुट्या गोळीच्या वेष्टनाबद्दल. या एका गोष्टीत सगळ्यात जास्त शिकले, म्हणून सविस्तर लिहिते.

मेणकागद पावसात मऊ पडतो, म्हणून फिल्म घ्यायची होती. पुरवठादाराकडे छापायला सहज मिळणारी बीओपीपी, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकची, फिल्म होती, चकचकीत आणि स्वस्त. मी 20 किलोचा छापील रोल मागवला, 6,800 रुपये. पीळ धरतो का, हे आधी कोऱ्या फिल्मवर बघायला हवं होतं. ते न बघता थेट छापून घेतला.

मशीनवर रोल चढवला. गोळी बाहेर पडली, दोन्ही टोकांना पीळ व्यवस्थित. परातीत पडेपर्यंत तो पीळ स्वतःच उलगडायला लागला. मी एक गोळी तळहातावर घेऊन बघत बसले. टोक हळूहळू फिरत होतं, जणू कुणी उलट्या बाजूनं सोडवतंय. अर्ध्या मिनिटात गोळी उघडी. पॅकिंगच्या थोरल्या मावशींनी एक उचलली, बोटांनी पुन्हा पिळली, सोडली आणि म्हणाल्या, "ताई, ह्यो कागद पीळ धरंना. आदीच्या जिलेटीन कागदाला कधी आसं झालं न्हाई."

मग कळलं की पीळ मारायच्या कामाला लवचीक फिल्म चालतच नाही. वळवली की वळलेलीच राहणारी फिल्म लागते. जुना जिलेटीन कागद तसा होता, मेणकागदही तसाच. साधी बीओपीपी मात्र परत आपल्या जागी येते. त्यासाठी 'ट्विस्ट ग्रेड' म्हणून वेगळी पीईटी फिल्म मिळते. तिचा दोन किलोचा कोरा नमुना मागवला, मशीनवर चालवला, गोळ्या रात्रभर ठेवल्या. सकाळी शंभरातल्या सगळ्या बंद.

थोरल्या मावशींना मी आता प्रत्येक नमुना आधी देते. त्यांच्या बोटांना जे आधी कळतं ते मला मशीन चालल्यावर कळतं.

7 ऑगस्ट, गुरुवार

पाकिटाच्या मागच्या बाजूचा मजकूर. इथं कायदा वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नये.

आण्णांना सगळं मराठीतच हवं होतं, मलाही. पण अन्नाच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येते, बदली म्हणून नाही. त्यामुळे पुढची बाजू पूर्ण मराठी आणि मागे इंग्रजीसोबत मराठी. जागा दुप्पट गेली.

'शुगर फ्री' लिहायची सूचना एका वितरकाकडून आली. 100 ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच तो शब्द वापरता येतो, आणि गूळ म्हणजे साखरच. ऐकताक्षणी काढून टाकलं. 'नैसर्गिक' हा शब्दही गेला. अनेक घटक एकत्र करून केलेल्या पदार्थाला तो लावता येत नाही, 'नैसर्गिक घटकांपासून' एवढंच म्हणता येतं.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं बोधचिन्ह मी पुढच्या बाजूला टाकून बसले होते. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि आण्णांची ती नाही. चिन्ह काढलं. नोंदणीची कागदपत्रं वहिनी गोळा करतायत.

शेंगदाण्याचा उल्लेख. चिक्की आणि गोळी एकाच टेबलावर थंड होतात. म्हणून गोळीच्या पाकिटावरही 'शेंगदाण्याचे अंश असू शकतात' हे स्पष्ट लिहायचं. आण्णांना वाटलं, लोक घाबरतील. ज्याला शेंगदाण्याचा त्रास आहे त्याला ते कळलंच पाहिजे, यावर मी मागे हटले नाही.

शाकाहाराचा हिरवा ठिपका : पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ 100 ते 500 चौरस सेंटिमीटर असेल तर गोलाचा व्यास किमान 4 मिमी आणि चौकटीची बाजू 8 मिमी. माझी चौकट 6 मिमीची होती.

बारकोड मी कुंकवाच्या रंगात पिवळ्यावर ठेवला होता, पाकिटाला शोभेल म्हणून. स्टिकर कागदावर छापून राजारामपुरीतल्या एका दुकानात स्कॅन करून बघितला. मशीन चूप. बहुतेक स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात. आता काळ्या रेघा, पांढऱ्या पट्टीवर. ही चूक 40 रुपयांच्या छपाईत सापडली.

18 ऑगस्ट, सोमवार

सिलिंडर. रोटो छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरनं फिल्मवर छापायच्या पद्धतीत, प्रत्येक रंगाला एक सिलिंडर, इथल्या दरानं 4,800 रुपयाला एक. तीन पाकिटं, प्रत्येकी सहा रंग, म्हणजे 18 सिलिंडर आणि 86,400 रुपये. आण्णांचा चेहरा पडला.

तोड अशी काढली. तिन्ही पाकिटांचा आकार एकच ठेवला. पांढरा, हळदीचा पिवळा आणि कुंकू हे तीन रंग तिघांनाही तसेच्या तसे सामायिक. बैलजोडी त्यातच येते. प्रत्येक मालासाठी फक्त दोन सिलिंडर वेगळे : नाव आणि मालाचं चित्र यांचा तपकिरी, आणि मागच्या मजकुराचा काळा. एकूण 9, म्हणजे 43,200. शाकाहाराच्या ठिपक्याचा हिरवा कसा साधायचा हा प्रश्न उरला. वेगळ्या सिलिंडरऐवजी छापील चकती घ्यायची, ती सील करताना एका मावशींनी लावायची. काम वाढतं, पण पहिल्या खेपेला हेच परवडतं. पहिल्या खेपेत फक्त गोळीचं पाकीट, म्हणजे पाच सिलिंडर, 24,000.

आज प्रूफ आला. पुढची बाजू बघून आण्णांनी हात जोडले. मागे 'गुऱ्हाळातून थेट' अशी एक ओळ आहे. तिथं छापलेलं होतं 'गुर्हाळातून'. रफार 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसला होता.

मराठीतला हा अर्धा र, 'ऱ्ह'मधला, कॉम्प्युटरवर लिहायचे दोन मार्ग आहेत. एकात र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. मी तसाच टाइप केला होता. मजकूर मी आउटलाइन न करता, म्हणजे अक्षरांचं चित्र न बनवता, जिवंत अक्षरांत पाठवला, तिकडच्या जुन्या सॉफ्टवेअरनं ते न दिसणारं चिन्ह गाळलं आणि र डोक्यावर चढला. दोन गोष्टी करायला हव्या होत्या : नुक्तेवाला 'ऱ' वापरून लिहायचं, आणि फाइल पाठवण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइन करायची. गुऱ्हाळ, वऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या : असे शब्द पाकिटावर असतील तर आधी तेच तपासा.

गुळाच्या मुलखात गुऱ्हाळ चुकीचं छापून बाजारात नेणं मला सहन झालं नसतं. काळा सिलिंडर पुन्हा कोरला. 4,800 रुपये, सहा दिवस. हा खर्च मी माझ्या फीतून दिला.

26 ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. आज रोल आले, 150 किलो लॅमिनेट, 340 रुपये किलोनं 51,000 रुपये. 200 ग्रॅमची सुमारे 26 हजार पाकिटं होतील. पिवळा अपेक्षेपेक्षा किंचित हिरवट आहे, कारण मेटलाइज्ड थराच्या आधीचा पांढरा पातळ बसलाय. पुढच्या खेपेला पांढऱ्याचा सिलिंडर खोल कोरून घ्यायचा. आज परत पाठवणं शक्य नाही.

4 सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. साखरेच्या गोळ्यांचा दर 12 टक्क्यांवरून 5 टक्के, 22 सप्टेंबरपासून. गिऱ्हाइकासाठी चांगलंच झालं. पण माझ्या 26 हजार पाकिटांवर 60 रुपये किंमत सिलिंडरनं कोरून छापलेली आहे.

वहिनींनी तिथंच हिशोब केला. 60 रुपयांत कराविना किंमत 53.57 रुपये. त्यावर 5 टक्के धरले की 56.25. म्हणजे 56 रुपये. आणि किंमत बदलली की प्रतिग्रॅम दरही बदलतो, 30 पैशांवरून 28 पैसे. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती. चिक्कीवर आधीपासून 5 टक्केच होता, तिथं काही बदल नाही.

ही चूक सर्वस्वी माझी. तारीख आणि बॅच नंबर मशीनवरच शाईनं पडतात. त्याच ओळीत किंमत टाकायला कुठलीच अडचण नव्हती. छापील किंमत नीटनेटकी दिसते म्हणून मी ती काळ्या सिलिंडरमध्ये घातली. वहिनींनी ऑगस्टमध्ये विचारलंही होतं, "दर बदलला तर?" मी म्हणाले होते, इतक्यात कशाला बदलेल.

22 सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. नवा दर आजपासून, आणि अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावची माणसं यायला लागली. महाद्वार रोडवरच्या सहा दुकानांत माल लावला.

स्टिकरचं काम गेले सहा दिवस चाललं. चार मावशी, रोजचे 400 रुपये, म्हणजे 9,600. स्टिकर 35 पैशाला एक, 9,100. कमी केलेल्या किमतीचा स्टिकर जुन्या छापील किमतीवर चिकटवायचा नसतो, शेजारी लावायचा असतो, जुनी किंमत वाचता आली पाहिजे. पहिल्या चारशे पाकिटांवर आम्ही तो वरच लावला होता. ते उपटून पुन्हा लावले.

दुकानदारांची एक तक्रार लगेच आली : पाकीट टांगायला भोकच नाही. छोट्या दुकानात फळीवर जागा नसते, माल दोरीला किंवा आकड्याला लटकतो. जूनमध्ये अकरा दुकानं हिंडले तेव्हा हे समोर दिसत होतं आणि मी फक्त ऐकत होते, बघत नव्हते. सध्या पंचिंगनं हातानं भोक पाडून देतोय, सीलच्या वरच्या पट्टीत, सीलला धक्का न लावता.

9 ऑक्टोबर, गुरुवार

आतापर्यंत वाया गेलेले पैसे, माझी फी सोडून :

क्राफ्टचे नमुने 3,200
पीळ न धरणारा रोल 6,800
काळा सिलिंडर पुन्हा 4,800
स्टिकर 9,100
स्टिकर लावायची मजुरी 9,600
किंमत काढून टाकलेला नवा काळा सिलिंडर 4,800

एकूण 38,300 रुपये. वेळ सुमारे पाच आठवडे.

गोळ्या परत आल्या नाहीत. सप्टेंबरअखेरपर्यंतच्या ओल्या हवेतही एक पाकीट चिकटलेलं म्हणून आलं नाही, ट्विस्ट फिल्ममधली सुटी गोळीही नाही. आण्णांनी जुना झिंकचा ब्लॉक फ्रेम करायला दिलाय. मी त्यांना आधी त्याचा एक स्वच्छ ठसा काढून तो जपून ठेवायला सांगितलं, फ्रेम झाल्यावर ते जमणार नाही.

दिवाळीआधी चिक्की आणि आलेपाक दोन्ही काढायचे आहेत. चिक्कीचे दोन सिलिंडर मागवले. किमतीसाठी 40 बाय 15 मिमीची कोरी पांढरी जागा ठेवली आहे, तिच्यात किंमत, प्रतिग्रॅम दर, तारीख आणि बॅच सगळं मशीनवरच पडेल. टांगायचं भोक डायमध्येच, म्हणजे पाकीट कापायच्या साच्यातच, घेतलं. आलेपाकाच्या फिल्मचा कोरा नमुना काल थोरल्या मावशींकडे दिला. त्यांचं म्हणणं, वडीला कडा असतात, फिल्म कोपऱ्यात फाटेल, जरा जाड घ्या. जाड नमुना मागवलाय. आलेपाकाचा प्रूफ सोमवारी येईल.